बांबुरीची खाण: आधी सुरूचं झाड, मग पैसा किडा, मग जंगल

खाण बंद पडली की पुढे काय, हा विषय आपल्याकडे निघाला की उत्तर तयारच असतं, झाडं लावू. पावसाळ्यात बॅनर बांधून रोपं लागतात, फोटो निघतात, आणि पुढच्या मे महिन्यात त्यातलं काय उरलं ते बघायला कुणी फिरकत नाही. म्हणून म्हटलं जिथे हे काम खरोखर जमलंय आणि का जमलं हे पायरीपायरीने सांगता येतं अशी एकच जागा घ्यावी आणि जरा सविस्तर लिहावं. जागा केनियातली आहे. मोंबासा शहराच्या उत्तरेला साधारण दहा किलोमीटरवर समुद्राला लागून बांबुरी आहे, तिथे सिमेंट फॅक्टरीची चुनखडीची खाण होती. आज त्या जागेला हॅलर पार्क म्हणतात आणि तिथे दाट झाडी, तळी, गवताचे पट्टे, पाणघोडे, जिराफ, मगरी, हरणं असं सगळं आहे.

आता उठून एकदम केनिया कशाला असं कुणी विचारेल. तर त्या खाणीत जे मुख्य झाड लावलं ते कोकणात लहानपण गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे, सुरू. आणि ज्या प्राण्यामुळे हे सगळं पुढे सरकलं तो म्हणजे पावसाळ्यात आपल्या पडवीत फिरणाऱ्या पैसा किड्याचा (देशावर वाणी म्हणतात) आफ्रिकेतला भाऊबंद. पाणघोडे, जिराफ हे नंतरचं. त्यांच्यावरच सगळ्यांचं लक्ष जातं, पण माझ्या मते या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग ते यायच्या आधीच घडून गेला होता.

जागा नेमकी कशी होती

पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर जो दगड आहे तो म्हणजे जुनं प्रवाळ. लाख-सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वर होती तेव्हा वाढलेली प्रवाळाची भिंत, पाणी उतरल्यावर उघडी पडली आणि तिची चुनखडी झाली. सिमेंटला चुनखडी लागते, मोंबासाचं बंदर शेजारीच, त्यामुळे १९५१ मध्ये बांबुरीची सिमेंट कंपनी निघाली आणि १९५४ पासून उत्पादन सुरू झालं. वरची पातळ माती आणि झाडी काढायची, खालचा प्रवाळाचा दगड फोडून न्यायचा, आणि भूजलाच्या जरा वर आलं की थांबायचं, अशी पद्धत. पंधरा-सतरा वर्षांत मागे काय राहिलं असेल ते डोळ्यासमोर आणा. पांढरा, सपाट, उघडा खडक, भर उन्हात तव्यासारखा तापलेला, आणि खाली थोड्याच अंतरावर मचूळ पाणी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पाऊस हा तिथला प्रश्न नव्हता. मोंबासाला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, एप्रिल-मेमधला मोठा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला छोटा असे दोन मोसम. आपल्या माणदेशाने हेवा करावा असा पाऊस. पण पाणी धरायला माती लागते आणि मातीच नव्हती, पडलेलं पाणी भेगांमधून थेट खालच्या खाऱ्या पाण्यात. चुनखडी असल्यामुळे जे काही बारीक चूर्ण उरलेलं ते अतिशय अल्कधर्मी, म्हणजे लोह आणि फॉस्फरस असला तरी मुळांना उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात. (ज्यांच्या शेतात चोपण किंवा चुनखडीची जमीन आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.) नायट्रोजन नाही म्हणजे नाहीच. वरून समुद्राचा खारा वारा. थोडक्यात खत घातलं की भागेल असली ही केस नव्हतीच.

कंपनीत रेने हॅलर नावाचे स्विस शेतीतज्ज्ञ कामाला होते. बागा बघणं, कामगारांसाठी अन्नधान्य-भाजीपाल्याचं बघणं असली त्यांची कामं. १९७१ च्या सुमारास या उघड्या खाणीचं काहीतरी करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या काळात केनियात कंपनीवर खाण पुन्हा हिरवी करून द्या म्हणून मोठं कायदेशीर प्रेशर होतं असं काही नाही. खाण मात्र मोंबासाहून उत्तरेला जाणाऱ्या मुख्य रस्त्याजवळ आणि पर्यटकांच्या बीच हॉटेलांच्या शेजारी होती, आणि ती दिसायला फार वाईट दिसत होती, हे कारणही काही कमी नाही. मला तर वाटतं की आपल्याकडच्या खाणी डोंगरामागे लपलेल्या नसत्या तर त्यांचंही काहीतरी झालं असतं.

सव्वीसपैकी तीन

हॅलरनी आधी भरमसाट एकच झाड लावलं नाही. २६ जातींची झाडं थेट खाणीच्या तळात लावून बघितली. खडकात खड्डे करायचे, रोप लावायचं, आणि बघायचं कोण टिकतं. काही महिन्यांत निकाल लागला, तीन जाती उरल्या. नारळ, सोमालियाकडचं कोनोकार्पस, आणि सुरू.

कोनोकार्पस हे नाव हल्ली आपल्याकडे वेगळ्याच कारणाने गाजलं, रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांच्या कंपाउंडला ते सरसकट लावलं गेलं आणि मग गुजरातने २०२३ मध्ये ते लावायलाच बंदी घातली. असो, बांबुरीत खरं काम सुरूने केलं.

सुरू का टिकला हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर त्याला खारं पाणी आणि खारा वारा चालतो, म्हणून तर आपल्याकडे गुहागर, अलिबाग, हर्णैच्या किनाऱ्यावर वन खात्याने वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची बनं केली. दुसरं, त्याची जी हिरवी सुईसारखी पानं वाटतात त्या खरं तर बारीक फांद्या आहेत आणि पानं म्हणजे त्यांच्या सांध्यांवरचे चिमुकले खवले, त्यामुळे पाणी फार उडत नाही. पण सगळ्यात महत्त्वाचं त्याच्या मुळांवरच्या गाठी. आपण शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी बघतो तसं सुरूचं फ्रँकिया नावाच्या जीवाणूशी जमतं, तो हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतो. म्हणजे जिथे नायट्रोजन शून्य तिथे हे झाड स्वतःची सोय स्वतः करतं.

अर्थात फ्रँकिया हवेतून पडत नाही. ज्या जागेत सुरू आधी कधी वाढलाच नाही तिथे तो असेलच असं नसतं आणि मग रोपं खुरटतात. जुन्या सुरूखालची मूठभर माती नवीन रोपांच्या पिशवीत घालायची ही यावरची साधी युक्ती, आणि बांबुरीतही सुरूने जोर धरला तो मुळांना हे जीवाणू मिळाल्यावरच. सरकारी लागवडीच्या अंदाजपत्रकात खड्डा, शेणखत, पाणी, कुंपण सगळ्याला रकाना असतो, पण या मूठभर मातीला रकाना कधी बघितला नाही मी.

काही वर्षांत सुरू भराभर वाढला. सावली आली, वारा अडला, खडकाचं तापमान उतरलं. इथे बहुतेक प्रकल्पांनी उद्घाटन करून टाकलं असतं. हिरवं दिसतंय, ड्रोनने फोटो चांगला येईल, झालं काम.

सुयांचा गालिचा

सुरूच्या बनात कधी नीट खाली बघितलंय का? खाली तपकिरी सुयांचा थर असतो आणि त्यात फारसं काही उगवत नाही. मुलं त्यावरून घसरतात, पिकनिकवाले चटई टाकतात, पण गवत नाही, रोप नाही, किडामुंगी कमी. कारण त्या सुयांमध्ये टॅनिन भरपूर, जीवाणू-बुरशीला त्या लवकर पचत नाहीत, त्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. बांबुरीत हेच झालं. वर हिरवं छत आणि खाली कोरड्या सुया, खडक तसाच. सुया कुजेनात म्हणजे माती बनेना, आणि माती बनेना म्हणजे सुरू सोडून दुसरं काही येईना. त्यातून नायट्रोजनही त्या सुयांतच अडकून पडलेला.

आणि इथे हॅलरना तो लाल पायांचा काळा पैसा किडा दिसला. बोटभर लांब, स्वाहिलीत त्याला जोंगो म्हणतात, त्या किनाऱ्यावर अगदी कॉमन. तो सुरूच्या सुया खात होता. बस, एवढंच निरीक्षण. पण त्यावरून पुढची कृती ठरली, आसपासच्या भागातून हे किडे गोळा करून शेकड्याने खाणीतल्या सुरूखाली सोडले.

पैसा सुया पूर्ण पचवतो असं नाही. तो त्या दळतो. त्याच्या पोटात ओलावा मिळतो, तिथले जीवाणू काम सुरू करतात, आणि बाहेर ज्या बारीक गोळ्या पडतात त्यांच्यावर बुरशी आणि बाकीचे जीवाणू सहज बसतात, कारण आता पृष्ठभाग वाढलेला असतो आणि ओल धरलेली असते. म्हणजे जे काम नुसत्या जीवाणूंना वर्षं लागली असती ते या किड्यामुळे पटापट होऊ लागलं. आणि एक गंमत बघा, पैशाच्या अंगावरचं जे कडक कवच असतं त्याला कॅल्शियम लागतं. चुनखडीच्या खाणीत बाकी कशाची असेल नसेल, कॅल्शियमची टंचाई नाही! ज्या गोष्टीने झाडं मरत होती तीच या किड्याच्या पथ्यावर पडली.

हळूहळू सुयांच्या थराखाली काळसर ह्युमस, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा थर, धरू लागला. तो पाणी धरतो, चुन्याचा अल्कधर्मीपणा मुळांच्या आसपास कमी करतो, आणि नायट्रोजन मोकळा होतो. या टप्प्यापासून पुढे तिथे स्थानिक झाडं लावण्यात अर्थ होता, त्याआधी नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात मोठं वाटतं. स्थानिक झाडं लावा असं आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणतो, पण जिथे मातीच नाही तिथे स्थानिक झाड म्हणजे कुठलं? त्या किनाऱ्यावरची स्थानिक झाडं मातीच्या जोरावर वाढलेली होती आणि ती माती खाणीत गेली. उघड्या खडकाला जे स्थानिक असतं ते शेवाळ, दगडफूल आणि भेगेतलं गवत, आणि त्यांच्या वेगाने जायचं तर मातीसाठी काही शतकं थांबा. हॅलरनी सुरू वापरून ती शतकं काही वर्षांवर आणली, त्यासाठी परकं झाड आणावं लागलं ही किंमत मोजून.

मग सुरू कापायचा

कारण सुरू हा केनियाचा नाही. तो आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाकडचा. तो तसाच ठेवला असता तर तिथे एकाच जातीची लागवड राहिली असती, जंगल नव्हे. म्हणून पुढचं काम विरळणीचं. सुरू काढत जायचे, उजेडाचे कवडसे पाडायचे, त्यात स्थानिक झाडं लावायची. काढलेला सुरू वाया जात नाही, सरळ वासे मिळतात, जळण मिळतं, किनाऱ्यावर घरबांधणीला मागणी असते, त्यामुळे विरळणीचा खर्च काही प्रमाणात तीच भरून काढते. झाड तोडणं हा जंगल उभं करण्याच्या कामाचा भाग असतो हे आपल्याकडे लोकांना पटवणं महाकठीण. कुऱ्हाड दिसली की फेसबुकवर ओरडा सुरू.

पुढच्या काळात मवुले (आफ्रिकेतलं प्रसिद्ध टिकाऊ लाकडाचं झाड), वेगवेगळे उंबरवर्गीय वृक्ष आणि किनारी जंगलातल्या कितीतरी जाती आल्या. उंबरवर्गातलं झाड फळाला आलं की पुढचं काम बरंचसं आपोआप होतं, पक्षी येतात, वटवाघळं येतात, माकडं येतात, आणि प्रत्येक जण बाहेरून बिया आणून टाकतो. तोपर्यंत माणूस लावत होता ते झाड, आता जंगल स्वतः लावायला लागतं. हा बदल कुठल्या वर्षी झाला असं सांगता येत नाही, तो असा तारखेला होतही नाही.

ते मूळचं किनारी जंगल कसं असतं हे बघायचं असेल तर त्या भागात मिजिकेंडा लोकांच्या काया आहेत. काया म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या वस्तीच्या जागी राखलेली पवित्र राई, तोडायची नाही, आत जायचे नियम वेगळे, आपल्या देवराईसारखाच सगळा प्रकार. २००८ मध्ये युनेस्कोने या कायांना जागतिक वारशात घेतलं. बांबुरीचं जंगल कायासारखं झालंय का? नाही, आणि तसं कुणी म्हणूही नये. काया शेकडो वर्षांच्या मातीवर उभी आहे, बांबुरी पन्नासेक वर्षांच्या ह्युमसवर.

पाणी, गवत आणि मोठी जनावरं

खाणीत जिथे दगड जास्त खोल काढला तिथे भूजल उघडं पडून तळी झाली. पाणी मचूळ. तिथे तिलापिया मासा पाळायला घेतला, पुढे मत्स्यशेती उभी राहिली, माशांचं जे वाया जाईल ते मगरींना, आणि माशांच्या टाक्यांतलं खताळ पाणी पुढच्या तळ्यांत आणि झाडांना. पाण्यावर तरंगणारी नाईल कॅबेज नावाची कोबीच्या गड्ड्यासारखी वनस्पती त्या पाण्यातली जास्तीची पोषकद्रव्यं ओढून घेते, ती मग काढून खत करता येते. एकाचा कचरा दुसऱ्याचं खाणं अशी साखळी जाणूनबुजून जोडलेली. इथे हॅलर हे पर्यावरणवाल्यापेक्षा शेतकरी जास्त वाटतात मला, प्रत्येक गोष्टीतून काहीतरी निघालं पाहिजे हा शेतकऱ्याचा हिशोब. इलंड नावाचं बैलाएवढं हरीण तिथे आणलं त्यामागेही गाईगुरांऐवजी आफ्रिकेचंच जनावर मांसासाठी पाळता येईल का हा विचार होता.

गवताबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. सगळीकडे झाडी दाटली असती तर इलंड, ओरिक्स, वॉटरबक असल्या चरणाऱ्या हरणांना तिथे जागाच नव्हती. खाणीच्या जुन्या भागांत जंगल, पाणथळ आणि गवताळ मोकळे पट्टे असं मिश्रण ठेवलं गेलं, आणि ते मोकळे पट्टे मोकळे राहतात ते चरणाऱ्या जनावरांमुळे. चरणारं तोंड नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत झुडपं घुसतात. पाणघोडा तर दोन्हीकडे काम करतो, रात्री बाहेर येऊन गवत खातो आणि दिवसा तळ्यात जाऊन त्याचं खत पाण्यात सोडतो, म्हणजे जमिनीवरचं पाण्यात नेणारा फुकटचा मजूर.

१९८४ मध्ये ही जागा लोकांसाठी उघडली, तेव्हा नाव होतं बांबुरी क्वारी नेचर ट्रेल. लागवड सुरू झाल्यापासून तेरा वर्षांनी. आपल्या टेंडरमध्ये तीन-पाच वर्षांची देखभाल धरतात आणि मग जागा हस्तांतर, हा आकडा शेजारी ठेवून बघा. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने हॅलरना ग्लोबल ५०० सन्मान दिला आणि पुढे पार्कला त्यांचंच नाव लागलं.

जगभर नाव झालं ते मात्र भलत्याच गोष्टीने. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या लाटा केनियापर्यंत गेल्या होत्या, त्यात मालिंदीजवळ पाणघोड्याचं एक पिल्लू कळपापासून तुटून समुद्रातल्या प्रवाळावर अडकलं. लोकांनी ते जाळ्यात धरून हॅलर पार्कात आणलं, नाव ठेवलं ओवेन. आणि ते तिथल्या मझी नावाच्या साधारण १३० वर्षांच्या अल्डाब्रा कासवाला जाऊन चिकटलं, आईला चिकटावं तसं. फोटो इतके फिरले की तुम्हीही तेव्हा पेपरात पाहिले असतील. गोष्ट गोड आहे, नाही म्हणत नाही. पण त्या कासवाच्या पायाखालची माती कुठून आली हे त्या बातम्यांत कुठे नव्हतं.

जे खटकतं ते

हे वाचून सगळंच छान छान वाटत असेल तर थांबा. मोठी जनावरं तिथे आणलेली आहेत, कुंपणात आहेत, जिराफांना पर्यटक हाताने खाद्य भरवतात. जंगल स्वतःहून वाढलं, पक्षी स्वतःहून आले, पण जिराफ चालत आला नाही. त्या अर्थाने त्याचा काही भाग प्राणीसंग्रहालयच आहे आणि अल्डाब्रा कासव तर मूळचं सेशेल्सच्या बेटांवरचं, त्याचा बांबुरीच्या निसर्गाशी संबंध नाही. वन्यजीवांसाठी जागा परत दिली असं म्हणताना हा फरक झाकू नये. आणि ज्या सिमेंटसाठी खाण झाली त्या सिमेंटच्या धंद्याचा कार्बनचा हिशोब एका पार्कने फिटत नाही, कंपन्यांना मात्र असं एक पार्क दाखवून बाकीच्या दहा खाणींचे प्रश्न टाळता येतात. हे मी एकट्या बांबुरीला म्हणत नाही.

सुरूबद्दलही आक्षेप आहेच, आणि तो खरा आहे. परकं झाड आणून नंतर काढू असं म्हणणं सोपं, काढण्यासाठी दशकानुदशकं पैसा आणि माणसं लागतात. बांबुरीत ती होती. जिथे ती नसतील तिथे हा प्रयोग अर्ध्यावर राहणार आणि सुरूचं बन तेवढं उरणार.

याच्या अगदी उलट रस्ता आपल्याच देशात एका जागेने घेतलाय. गुरुग्रामच्या अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कची साधारण ३९० एकर जागा, तिथेही दगडखाणी होत्या, आणि वर विलायती बाभूळ माजलेली. २०१० पासून तिथे नागरिकांच्या आयअ‍ॅमगुडगाव या संस्थेने महापालिकेबरोबर काम सुरू केलं, विजय धस्माना यांनी त्याची आखणी केली आणि पहिल्या दिवसापासून फक्त अरवलीतल्याच जाती, सालई, पळस, धौ, तिथलीच गवतं. बाजारात या झाडांची रोपंच मिळत नव्हती म्हणून नर्सरीही स्वतःची, आणि नमुना म्हणून समोर ठेवली जवळचीच मांगर बनी, म्हणजे तिथली देवराई. २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरची पण जैवविविधता राखणारी जागा म्हणून देशातली पहिली मान्यता तिला मिळाली. मग हॅलर चुकले का? मला तसं वाटत नाही. अरवलीत खडक उघडा असला तरी भेगांत, उतारांवर माती शिल्लक होती आणि सालईसारखी झाडं मुळात खडकावरच वाढणारी. बांबुरीत सपाट, खारा, चुन्याचा तळ. जागा वेगळी म्हणून पहिलं झाड वेगळं.

आणि म्हणूनच कोकणात कुणी हे वाचून चिरेखाणीत सुरू लावायला धावू नये. जांभा हा चुनखडीच्या उलट, आम्लधर्मी, लोह-अ‍ॅल्युमिनियमने भरलेला. तिथल्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) पावसात जी फुलं, जे गवत येतं ते पातळ मातीवर आणि दगडावरच येतं, म्हणजे तिथे उघड्या दगडाला स्थानिक उत्तर आधीपासून हजर आहे. चिरेखाणीच्या कडेला सडा शिल्लक असेल तर तिथून बी खाली येऊ देणं, चराई काही वर्षं थांबवणं आणि खाणीच्या एका कोपऱ्यात पावसाचं पाणी साचू देणं यानेच बरंच होईल. पुण्या-मुंबईकडच्या काळ्या पाषाणाच्या खाणी आणखी वेगळ्या, उभे कडे आणि खाली खोल पाणी. तिथे कड्यांवर घुबडं घरटी करतात, तो कडा तोडून उतार करण्यापेक्षा तसाच ठेवलेला बरा, आणि आधी तिथे महापालिकेचा कचरा येणार नाही एवढं बघावं.

कायद्याचं म्हणाल तर ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की खाणपट्ट्याच्या अटींतच घाला, खाणकाम संपलं की त्या जागेवर पुन्हा गवत येईल, जनावरांना चारा होईल अशी जमीन करून द्यायची, आणि खर्च खाणवाल्याचा. कोर्टाने झाडं म्हटलं नाही, गवत म्हटलं, हे मला फार आवडलं होतं. गवत आलं म्हणजे काहीतरी माती धरलीय याचा तो पुरावा असतो, रोपाचं तसं नसतं, रोप टँकरच्या पाण्यावर दोन वर्षं कुठेही जगवता येतं. तुमच्या तालुक्यात एखादा खाणपट्टा संपत आला असेल तर ही अट त्यात आहे का ते माहिती अधिकारात विचारून बघा.

बांबुरीचं पुढे काय, हा प्रश्न मात्र आता नव्याने उभा आहे. सिमेंट कंपनी बरीच वर्षं लाफार्ज आणि मग होल्सिमकडे होती, तेव्हा पार्क चालवायला कंपनीचाच वेगळा विभाग होता. २०२४ च्या शेवटी टांझानियाच्या अ‍ॅमसन्स ग्रुपने बांबुरी सिमेंट विकत घेतली. पार्क तिकिटावर थोडंफार कमावतो, पण विरळणी, नर्सरी, जनावरांचे डॉक्टर हे सगळं नुसत्या तिकिटात भागण्यासारखं नाही, आणि मोंबासाचा तो पट्टा आता जमिनीच्या भावाच्या दृष्टीने सोन्याचा झालाय. सुरू अजूनही तिथे उभे आहेत, ते काढून स्थानिक झाडं भरण्याचं काम संपलेलं नाही, तेव्हा नवीन मालक त्या कामाला दरवर्षी किती माणसं आणि किती पैसे देतो ते बघायचं.